शालूच्या दाताला बांधलेली तार

मी तारेचा एक तुकडा आहे. दोन पेरं लांब, केसाहून थोडा जाड. भिलाईत एवढं लोखंड असताना माझं कोण ऐकणार, हे मला कळतं. तरी बोलतो.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मला खेचून खेचून बारीक केलं. मग रिळावर गुंडाळून, कागदात बांधून दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याची माझी काही तक्रार नाही. बारीक झालो म्हणून तर एका पोरीच्या तोंडात मला जागा मिळाली.

रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. मजूर कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. तिथं देवीदास खलाशी होता. दोरखंड लावून लोखंडाच्या तुळया वर चढवायचं त्याचं काम. भंडाऱ्याकडचं गाव सोडून बायको कांता आणि लेक शालूला घेऊन तो इथं आला होता. त्याच्या एक वर्ष आधी सगळ्या घरानं नागपूरला धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यानं स्वतः नदीत सोडले होते, आणि त्या दिवसापासून तो ताठ चालायला लागला, असं कांता सांगायची.

नळावर पाण्याची झुंबड असायची. एका सकाळी ढकलाढकलीत शालू पडली आणि बादलीचा काठ तिच्या तोंडावर बसला. समोरचा, नुकताच आलेला पक्का दात हलायला लागला.

कांतानं तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथले दातांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला त्या दाताभोवती आणि शेजारच्या दातांभोवती वळवून घट्ट पीळ दिला. शालू रडली नाही. माझ्यावरून जीभ फिरवत राहिली.

"महीना भर तार रही, तो दाँत बच जाएगा," डॉक्टर कांताला म्हणाले. "कड़क कुछ नहीं, चिपकनेवाला कुछ नहीं. मीठा खाना हो तो घोलकर दो, और बाद में कुल्ला."

म्हणजे तो दात वाचवायचा की घालवायचा, हे आता माझ्यावर आणि त्या घरावर होतं.

कॅम्पातली पोरं तिला "ए रेलपट्टी!" म्हणून हाक मारायची. शेजारची तुळसाबाई भेटेल त्याला सांगायची, "कांताच्या पोरीच्या तोंडात रशियावाल्यायनं मशीन बसवली म्हणे! आता भाकरी खाऊन रूळ पाडते का काय?"

शालू हसायची, आणि हसताना माझ्यावर ऊन पडायचं. मला ते आवडायचं.

मग होळी आली. भंडारा-नागपूरकडं होळीला लेकराच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. पांढऱ्या, टणक पदकांची माळ. मामानं आणायची, भाचीनं मिरवायची, आणि मग कडाकडा फोडून खायची.

शालूचा मामा जानराव रेल्वेत गँगमन होता. नागपूरच्या गाडीनं दुर्गला उतरून, पायी चालत तो दुपारी गाठी घेऊन आला. दीक्षा त्यानंही घेतली होती. पण भाचीला गाठी न देणं त्याला जमलं नव्हतं.

"मामा, मले चावता नाई येत," शालूनं ओठ वर करून मला दाखवलं.

"अरे बापा! मंग थे कावून आणलं मी?"

"राहू दे दादा," कांता म्हणाली. "कुटून देतो मी तिले. शेवया शिजवून रायली, त्याच्यात घालतो. मंग मिठाच्या पाण्यानं चूळ भरली की झालं."

तिनं दूध चुलीवर ठेवलं, खलबत्ता पुसून घेतला. तोवर शालू गाठी गळ्यात घालून दारात उभी होती. तोंडात मी, गळ्यात ती. त्या दिवशी सगळं नीट होणार होतं. एवढं सोपं होतं ते.

तेवढ्यात पहिली पाळी संपवून देवीदास आला. दारातच थांबला.

"हे काय?"

"मामाची गाठी व्हय भाऊजी," जानराव हसत म्हणाला.

"होळीची व्हय. ह्या घरात होळी नाई."

"होळी कोन पेटवून रायलं? गाठी देवाची नाई, मामाची असते."

"माया बापाले होळीच्या दिवशी पाटलाच्या दारी लाकडं फोडा लागत. वरून पोट्टे शेण फेकत अंगावर. अन् मंग दोन गाठ्या दुरून टाकत, कुत्र्याले टाकल्यावानी. मी उचलल्या हायेत थ्या. माया लेकीच्या गळ्यात नाई पायजे मले."

तो खोटं बोलत नव्हता. जानरावही खोटा नव्हता. मी दोघांचंही ऐकलं. पण पोरीच्या तोंडात काय बांधलंय, ते त्या घटकेला कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

देवीदासनं गाठी तिच्या गळ्यातून काढली आणि बाहेर बांबूच्या कुंपणावर अडकवली. "जाताना घेऊन जाय."

"घेऊन जातो! पुन्हा पाय नाई ठेवत तुया दारात," जानराव म्हणाला, आणि गाठी न घेताच तरातरा निघाला. कांता पदर सावरत त्याच्यामागं धावली. चुलीवर दूध उतू जात होतं. देवीदास खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला.

शालूनं कुंपणावरची गाठी काढली आणि गिट्टीच्या ढिगामागं गेली.

ती चघळेल, असं मला वाटलं. साखर जिभेवर ठेवली तर आपोआप विरघळते. पण त्याला वेळ लागतो, आणि चोरून खाणाऱ्याजवळ वेळ नसतो. बाबा उठतील, माय परत येईल, हे तिला दिसत होतं. तिनं डोळे मिटले आणि समोरच्या दातांनी कडकन चावा घेतला.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण साखर दगडासारखी होती. माझा पीळ सुटला, मी तुटलो, आणि माझ्याबरोबर दातही आला.

तिची किंकाळी ऐकून देवीदास आला आणि तिला उचलून दवाखान्यापर्यंत धावत गेला. डॉक्टरांनी पाहिलं. दात आता पुन्हा बसणार नव्हता.

घरी आल्यावर तो कांतावर ओरडला, "कुटून देनार होती, तं मले सांगा लागत होतं ना!"

"ऐकलं असतं तुमी?"

तो वाकून चुलीवर सांडलेलं दूध पुसायला लागला.

पुढच्या महिन्यात कॅम्पात बाबासाहेबांची जयंती झाली. पताका लागल्या, बुंदी वाटली गेली. देवीदासनं शालूसाठी वाटीभर बुंदी आणली, स्वतः दुधात भिजवून मऊ केली आणि तिच्यापुढं धरली. "खाय बेटा. ही आपली व्हय."

शालूनं वाटी घेतली. मग त्याच्याकडं पाठ करून, भिंतीच्या कोपऱ्यात उभी राहून तिनं बुंदी भराभरा खाल्ली. आता कोणी हिसकावणार नव्हतं, तरीही.

मी देवीदासच्या दाढीच्या डबीत आहे, ब्लेडच्या पुड्यांखाली. त्यानं मला का ठेवलं, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. दाढी करताना त्याचं बोट मला लागलं, की तो मला बाजूला सारतो.

तुमच्या घरात सणाला गोड आलं आणि एखाद्या लेकराच्या दातावर तार असली, तर ते कुटून द्या, भिजवून द्या, वर चूळ भरायला लावा. पण आधी त्याला ते बिनघोर खाऊ द्या. मोठ्यांची भांडणं खरी असतात, मला मान्य आहे. ती अर्धी घटका थांबून केली तरी खरीच राहतात.

मला गंज चढत नाही. चढला असता, तर कधीतरी संपलो असतो.