अर्ध्या पदराचा टाका

मित्रांनो, माझे तोंड एवढे मोठे आहे की कोबीचा अख्खा गड्डा त्यातून आत जातो; पण त्यातून एक शब्द कधी बाहेर पडलेला नाही. मी क्रोशाने विणलेली, जाळीजाळीची सुती पिशवी आहे. आता जुनी झाले आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकलेली असते, पोटात थोडा लसूण आणि दोन-चार कांदे असतात. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली आहे. ज्यांना ती कळायला हवी होती, ती माणसे माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तरी मला ती सांगता आली नाही. तीच आज तुम्हाला सांगते.

मला विणायला घेतले ते या घरातल्या सासूबाईंनी. चौपदरी सुताचा एक गुंडा, पोलादाची एक बारीक सुई आणि खिडकीजवळची खुर्ची, एवढाच त्यांचा कारखाना. आधी साखळीचे टाके, मग आखूड मुके खांब, मग उंच खांब आणि त्यांच्यामध्ये मोकळी घरे. माझा तळ त्यांनी घट्ट विणला, नाण्यासारखा गोल. त्यावर जाळी चढू लागली. त्यांची सुई अशी चाले, की बघणाऱ्याला वाटावे, सूत आपणहूनच वळते आहे. टाके त्या मोजत नसत, बोटांना ते पाठ होते.

शेजारच्या खुर्चीत अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचत बसत. अप्पांनी एकतीस वर्षे छापखान्यात मशीन चालवले. मशीनच्या धडधडीने त्यांचे दोन्ही कान हळूहळू नेले. कान गेले, पण माणूस मानी. ऐकू आले नाही हे कबूल करायचे नाही. समोरचा काही बोलला की मान हलवायची आणि "हो हो, बरोबर आहे" म्हणायचे. सासूबाई म्हणत, "जरा पाणी देता?" अप्पा म्हणत, "हो हो, उकाडा आहे खरा." मग त्या हसत हसत स्वतःच उठत. कानाच्या मशीनसाठी दवाखान्यात अप्पांचा नंबर लावून ठेवला होता, पण पुढची रांग लांबलचक होती.

घरात तिसरे माणूस म्हणजे सूनबाई. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा नवरा परगावी पुलाच्या कामावर असे, महिन्यातून एकदा घरी येई. सूनबाई कमी बोले, सासूबाईंसमोर तर फारच कमी. त्याला कारण होते. लग्न होऊन नवी नवी घरात आली तेव्हा हौसेने तिने सासूबाईंकडून सुई मागून घेतली आणि साखळी घालायला बसली. साखळी थोडी पिळली. सासूबाईंनी सुई तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे गं. तुझ्या हाताला वळणच नाही. उगाच सूत वाया."

एवढेच बोलणे. तोंडातून सहज निघून गेले, पण काळजात रुतून बसले. त्यानंतर बरेच दिवस सूनबाईने सुईला हात लावला नाही. हे मला कसे ठाऊक? सासूबाईंनीच मला मांडीवर घेऊन ते अप्पांना सांगितले, पुढे एका दुपारी.

तोवर त्या फार थकल्या होत्या. दुखणे आतल्या आत वाढले होते. बोटे कापू लागली होती. माझी जाळी निम्म्याच्या वर आली होती, आणि तिथे एका खांबाला त्यांची सुई सुताच्या चार पदरांपैकी दोनच पकडून पुढे गेली. वरून टाका ठीक दिसत होता. आतून तो निम्माच होता. मला कळले. पण मी काय करणार? विणणाऱ्या हाताला विणली जाणारी वस्तू अडवू शकत नाही.

त्या दुपारी सूनबाई कामावर गेली होती. सासूबाईंनी माझी शेवटची ओळ पुरी केली, सुई खाली ठेवली आणि अप्पांकडे वळल्या.

"अहो, ऐकताय ना?"

अप्पांनी मान हलवली.

"सुनेला मी एकदा टाकून बोलले. हाताला वळण नाही म्हणाले." त्यांनी सुई उचलून दाराकडे दाखवली. तिथे सूनबाईचा लॅबचा दुसरा पांढरा कोट वाळत होता. "खरं सांगू का, तिची साखळी चांगली होती. माझी पहिली साखळी तिच्याहून वाईट होती. नंतर शंभरदा ओठावर आलं सांगायचं, पण जीभ वळली नाही. आता माझ्याच्यानं होणार नाही. तेवढं तुम्ही सांगा तिला. आणि ही पिशवी तिलाच पुरी करू दे. सांगाल ना?"

"हो हो," अप्पा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

सासूबाईंनी डोळे मिटले. डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांना वाटले, सांगून झाले. मित्रांनो, मी त्यांच्या मांडीवर होते. मला माहीत होते की ते शब्द अप्पांपर्यंत पोचलेच नाहीत. दोन माणसांच्या मध्ये कुठेतरी ते पडून राहिले होते आणि उचलणारे कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात नेले. त्या परत आल्या नाहीत.

मी टोपलीत पडून राहिले. अंग झाले होते, पण हातात धरायचे बंद नव्हते. बंदाशिवाय पिशवी म्हणजे नुसते जाळे. एके दिवशी सूनबाईने मला टोपलीतून उचलले, बराच वेळ हातात धरले आणि पर्समध्ये टाकून कामावर नेले. दुपारच्या सुट्टीत, रक्ताच्या बाटल्यांच्या फ्रिजशेजारी बसून, मोबाइलवर बघत बघत ती माझा बंद विणू लागली. जुना गुंडा संपला होता. तिने आणलेले सूत थोडे अधिक पांढरे होते, माझे जुने किंचित पिवळसर. तिने चार वेळा बंद विणला आणि चारही वेळा उसवला. उसवताना दर वेळी स्वतःशी पुटपुटायची, "नाहीच वळण." पाचव्या वेळी विणलेला बंद असा पक्का झाला, की आजही त्याचा एक टाका सैल नाही. हे तिला ओरडून सांगावेसे मला वाटे.

तिने मला अप्पांच्या हातात दिले. अप्पांनी मला उलटून पालटून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून मला घेऊन बाजारात जाऊ लागले. ते माझे सोन्याचे दिवस होते. ताणल्यावर मी किती वाढते, हे पाहून भाजीवालीला मोठी गंमत वाटे. "पोट आहे की विहीर?" असे ती विचारी. कुणी म्हणे, "छान आहे हो पिशवी. कुणी केली?" अप्पांना ऐकू येत नसे, पण लोक माझ्याकडे बोट दाखवीत, तेव्हा ते म्हणत, "बायकोनं केली." आणि मग बंद दाखवून, "आणि सुनेनं." हे दुसरे वाक्य सूनबाईने कधी ऐकले नाही. ती तेव्हा लॅबमध्ये असे.

दोन महिन्यांनी दवाखान्यातला नंबर लागला. अप्पांच्या उजव्या कानात मशीन बसले. घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा गळणारा नळ ऐकू आला, मग स्वतःचा खोकला. "मी एवढ्या मोठ्यानं खोकतो? आणि तुम्ही सगळ्यांनी सहन केलंत?" ते म्हणाले. सूनबाई कितीतरी दिवसांनी हसली. मग अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. म्हणाले, "घर फार शांत आहे गं."

बाजारातला गोंगाट मात्र त्यांना मशीनमधून सोसवेना. तिथे पोचले की ते मशीन काढून त्याच्या छोट्या डबीत ठेवीत. डबी ते शर्टाच्या खिशात ठेवू लागले, तेव्हा सूनबाई म्हणाली, "अप्पा, खिशात नको. वाकलात की पडेल. पिशवीतच टाकत जा." डबी अक्रोडाएवढी होती. माझ्या एका घरातून ती जाणे शक्य नव्हते.

पण दोन घरांची एक खिडकी झाली तर?

एके दिवशी मी बटाट्यांनी भरले होते. परतीच्या वाटेवर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाजवळच्या वळणावर, तो अर्ध्या पदराचा टाका तुटला. इतके दिवस त्याने कसेबसे निभावले होते. डबी घरंगळत त्या भोकाशी आली, क्षणभर अडकली आणि खाली पडली. दगडावर टक् असा आवाज झाला. पण तो आवाज ज्याने ऐकायचा, ते मशीनच त्या डबीत होते. अप्पा पुढे चालत राहिले. डबी गटाराच्या कडेच्या गवतात गेली. मी त्यांच्या हातात झोके खात होते, मागे मागे बघत होते. थांबा, अप्पा, थांबा. पण पिशवीचे म्हणणे कोण ऐकणार?

घरी बटाटे टोपलीत ओतले तेव्हा डबी नव्हती.

सूनबाई कामावरून आली, तशी पाणीही न पिता अप्पांबरोबर बाहेर पडली. मला बरोबर घेतले होते. त्यांनी त्या रस्त्याने तीन फेऱ्या मारल्या. सायकलवाल्याला विचारले, भाजीवालीला विचारले. तिसऱ्या फेरीत सूनबाईचे पाऊल त्या गवतापासून वीतभर अंतरावर पडले. ती तिथे वाकलीसुद्धा, पण उलट्या बाजूला. मग अंधारून आले. सकाळी ती पुन्हा गेली, तेव्हा सफाईवाल्यांनी गटाराची कड खरवडून स्वच्छ केली होती.

दवाखान्यात त्यांनी नाव पुन्हा रांगेत घातले. कारकून म्हणाला, "वर्षभर तरी धरून चाला."

त्या संध्याकाळी सूनबाई मला घेऊन जमिनीवर बसली. भोक सापडले. तिने त्यातून दोन बोटे घालून पाहिली. मग लॅबचे एक रिकामे पाकीट घेऊन त्याच्या पाठीवर लिहिले आणि ते अप्पांपुढे धरले. "चूक माझी आहे. पिशवी मी पुरी केली. माझ्या हाताला वळण नाही, आईंनी सांगितलं होतं. डबी पिशवीत टाका हेही मीच सांगितलं."

अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग मला उचलून खिडकीशी नेले. छापखान्यातला माणूस तो. कागदाचे वीस प्रकारचे पांढरे रंग त्याला नुसत्या नजरेने ओळखू येत. त्यांनी भोकाच्या कडेचे तुटलेले सूत चिमटीत धरले, मग बंदाचे सूत त्याच्याशेजारी धरले.

"इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ. तुझं सूत पांढरं आहे. तुटलंय ते पिवळट. हा तुझा टाका नाही, पोरी. तिचा आहे. शेवटी शेवटी हात कापत होता तिचा."

सूनबाईने दोन्ही सुते जवळून पाहिली. अप्पांनी बंदाला एक हिसका दिला, मग दुसरा. "हा बघ तुझा बंद. तसूभर हलला नाही."

ती रडू लागली. अप्पांना तिचे रडणे ऐकू येत नव्हते, पण खांदे हलताना दिसत होते. ते खाली बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. जायच्या आदल्या दिवशी ती तुझ्याबद्दल काहीतरी बोलत होती. सुईनं तुझा कोट दाखवला होता, त्यावरून कळलं. बराच वेळ बोलली. मी नुसती मान हलवली."

सूनबाईने पाकिटावर घाईघाईने लिहिले, "काय म्हणाल्या?"

"तेच तर माहीत नाही," अप्पा म्हणाले. "परत सांग म्हणायला काय जात होतं माझं? लाज वाटायची. ऐकू येत नाही म्हणायची लाज." मग म्हणाले, "चांगलंच असणार. कुणाचं वाईट बोलायची तेव्हा ती सुईकडे बघायची. त्या दिवशी माझ्याकडे बघत होती."

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मध्ये, अप्पांच्या हातात होते. मला ते सगळे शब्दन्‌शब्द पाठ होते. माझ्या घराघरातून ते शब्द भरलेले होते. एवढी भोके असूनही एकही शब्द गळून तिच्या मांडीवर पडला नाही.

सूनबाईने ते भोक दुरुस्त केले आणि मी पुढे खूप वर्षे बाजार केला. नंतर चेनची मोठी पिशवी घरात आली आणि मी दारामागे गेले. अप्पांना दुसरे मशीन मिळाले, पण त्याला सव्वा वर्ष लागले. त्या सव्वा वर्षात त्यांनी मान हलवणे मात्र सोडून दिले. कानामागे हात धरून ते प्रत्येकाला सांगत, "ऐकू आलं नाही. परत बोल." भाजीवाली एकच भाव तीन-तीनदा सांगून वैतागे. मागे उभी असलेली गिऱ्हाइके चुळबुळत. अप्पा हलत नसत.

तुम्हीही तसेच करा. पिशवी फाटली तर शिवता येते, हरवली तर दुसरी विणता येते. पण आपले माणूस बोलत असेल आणि ऐकू आले नसेल, तर मान हलवू नका. हातातले वर्तमानपत्र खाली ठेवा आणि विचारा, "काय म्हणालीस? परत सांग."