फोनवर झालेलं बेसणं

मी जाजम बोलतेय. लग्नाच्या पंगतीची नव्हे. ती माझी थोरली बहीण, तिच्या अंगावर बासुंदी सांडते. मी बेसण्याची. आमच्या गुजरातेतल्या कपडवंजला माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी चार ते सहा मला अंथरतात. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, फोटोपुढे हात जोडतात, घरच्यांजवळ थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. एवढंच माझं काम. तेच माझ्याकडून काढून घेतलं, म्हणून आज तोंड उघडलंय. राग आलाय मला, तो लपवत नाही.

नडियादजवळच्या एका म्हाताऱ्या विणकरानं मला विणलं. जाड सूत, कडेला निळी पट्टी, लांबी अठरा हात. आमच्या पोळमधल्या, म्हणजे एकाच दरवाज्याच्या आतल्या पंचवीस घरांनी मिळून मला आणलं आणि सांभाळायला दिलं कीर्तिभाईंकडे. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा साधा माणूस. बेसणं कुणाकडेही असो, मला खांद्यावर टाकून तेच नेत, तेच अंथरत. ज्याचं माणूस गेलं त्याला ते कधी भिंतीशी बसू देत नसत. मधोमध बसवत. का, तर दोन्ही बाजूंनी कुणीतरी बसायला पाहिजे.

माणसं कशी बसतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कुणी माझे दोरे उपटत बसतं. कुणी डोळे मिटून शेंगतेलाच्या भावाचा विचार करतं, आणि बाहेर पडता पडता बोलूनही दाखवतं. पण त्यांचं येणं खोटं नसतं. जवळ एक माणूस मुकाट बसलंय एवढ्यानंसुद्धा कुणाच्या घशातला आवंढा उतरलेला मी पाहिलाय.

मग महामारी आली आणि मी घडी होऊन कीर्तिभाईंच्या मधल्या खोलीत पेटाऱ्यावर पडले. पेपरात नवीनच छापून येऊ लागलं: टेलिफोनिक बेसणं, चार ते सहा, खाली नंबर. त्यावर माझं काही म्हणणं नाही. जवळ बसल्यानं रोग पसरत होता, तेव्हा न बसणंच शहाणपणाचं होतं. माझा राग रोगावर नाही, नियमावरही नाही. तो पुढच्या गोष्टीवर आहे.

दुसऱ्या लाटेत कीर्तिभाईंनाच ताप आला. त्यांच्या बायकोला, तरुबेनलाही होता, पण तिला घरीच ठेवलं. ॲम्ब्युलन्स दारात उभी, वरून सगळे घाई करताहेत, तशात तिनं त्यांची पिशवी भरली. गाडी पोळच्या बाहेर पडली आणि तिला कोनाड्यात त्यांचा चष्मा दिसला. चष्म्याशिवाय त्या माणसाला हातावरचं घड्याळ दिसत नसे. अकरा दिवस त्यांचा एकही फोन आला नाही. बाराव्या दिवशी दवाखान्याचा आला. तोंडही पाहायला मिळालं नाही.

बेसण्याची जाहिरात कीर्तिभाईंच्या थोरल्या भावानं, रमणीकभाईंनी दिली. नंबर स्वतःचा छापला. कुणीतरी विचारलं, तरुबेनचा का नाही? तर म्हणाले, बाईमाणसाचा नंबर कुणी पेपरात देतं का? सगळ्या पोळला ते बरोबर वाटलं. मला विचाराल तर तिथंच सगळं चुकलं.

त्या दिवशी तरुबेन पांढरी साडी नेसून चारच्या ठोक्याला मधल्या खोलीत येऊन बसली. माझ्या शेजारी, भिंतीला टेकून. रमणीकभाई बाहेरच्या खोलीत फोन घेत होते. दोन तासांत एकशे दहा फोन, म्हणजे मिनिटाला एक माणूस उरकला. प्रत्येकाला तेच सांगणं: "देवाची इच्छा. तरु तर वाघीण आहे, डोळ्यांतून टिपूस काढला नाही." भिंतीपलीकडून ती ऐकत होती. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हे तिनं पंचवीस वर्षं पाळलेलं. त्यामुळे कोण बोललं, काय बोललं, हे विचारायचीही सोय नव्हती. सहा वाजता रमणीकभाई दारातूनच म्हणाले, "चला, छान पार पडलं."

काय पार पडलं? ज्या माणसानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुःखाखाली मला अंथरलं, त्याच्या बायकोशेजारी मी घडीच्या घडीत पडून होते. मला हात असते तर मीच उलगडले असते.

रोग ओसरला. लग्नं सुरू झाली, गरबा सुरू झाला, पतंग उडाले. थोरली बहीण चार वेळा धुण्याला जाऊन आली. तरुबेन मात्र दाराची कडी धूत राहिली. दिवसातून वीस वेळा, बोटांची सालं निघेपर्यंत. झोप गेली, जेवण गेलं. लांबून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की भांडं हातातून सुटायचं. सगळ्यांनी वाघीण ठरवून ठेवलेली, मग रडायचं कुणापाशी? ती माझ्यावर डोकं टेकून एकच वाक्य पुटपुटायची: "आंधळ्यासारखे पाठवले मी त्यांना." माणसांतल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं.

पुढे ती बोलायचीच थांबली. रमणीकभाईंचं निदान तयार होतं: "रिकामं बसून डोकं फिरतं. पापड लाटायला लावा." डॉक्टरचं नाव कुणी काढलं तर ते खालच्या आवाजात म्हणत, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेली तर घराण्याचं नाव काय राहील? घराण्याच्या नावाला ताप आला असता तर मध्यरात्री धावले असते सगळे.

अशात दीड वर्षानं कीर्तिभाईंची आत्या आली, चंचळफोई. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. बेसण्याच्या दिवशी तिनंही फोन केला होता आणि वाघिणीचं ऐकून निर्धास्त झाली होती. तरुबेनचे हात पाहिले आणि ती पेटाऱ्याकडे वळली.

"जाजम काढ, रमणीक."

"कशाला, फोई?"

"बेसणं करायचंय."

"दीड वर्षानं? लोक हसतील. आणि आपलं टेलिफोनिक झालंय ना?"

"तुझं झालं. तिचं कुठं झालं?"

रमणीकभाई काही हलले नाहीत. तेव्हा म्हातारीनं स्वतःच मला ओढलं, खोकत खोकत धूळ झटकली आणि बाहेरच्या खोलीत अंथरलं. तरुबेनला मधोमध बसवलं आणि आपण तिच्या उजवीकडे मांडी ठोकली. अर्धा तास कुणी फिरकलं नाही. खिडक्यांतून नुसत्या माना. मग समोरच्या वसुबेन आल्या, स्वयंपाकाच्याच साडीत. त्यांचा भाऊही त्याच महिन्यात फोनवर उरकलेला. डावीकडे बसल्या आणि काहीही न विचारता आपणच रडायला लागल्या. त्यांच्यामागून आणखी चौघी आल्या. धीर धर असं कुणीच म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं तरुबेनच्या तोंडून आवाज फुटला. चष्मा. पिशवी. कोनाडा. "त्यांना आकडेच दिसले नसतील, फोई. मला फोन लावायला बघत असतील अकरा दिवस, आणि दिसत नसेल."

जिन्यात उभे असलेले रमणीकभाई कठडा धरून खाली बसले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"चष्म्याचं... एक फोन आला होता," ते म्हणाले. "बेसण्याच्याच दिवशी. त्या दवाखान्यातली नर्स होती. म्हणाली, तोंडावर मास्क होता म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं, पण कागदावर लिहून दाखवलं होतं: घरी सांगा, चष्मा राहिला म्हणून तरु जिवाला लावून घेईल. शेजारच्या खाटेवरच्याचा चष्मा मला चालतो. मला दिसतंय."

"मग?" फोईनं विचारलं.

"मी आभार मानले. मागे दुसरा फोन वाजत होता."

दीड वर्ष! नवऱ्यानं बायकोसाठी पाठवलेला निरोप दीड वर्ष जेठाच्या कानात पडून राहिला, आणि ती इथं कडी धुऊन हाताची सालं काढत होती. पेपरात तिचा नंबर असता तर ते शब्द तिच्याच कानात पडले असते. मी चिडू नको तर काय करू?

तरुबेन पहिल्यांदा रडली. माझी निळी पट्टी मुठीत धरून अशी रडली की चंचळफोईलाही तिला आवरावंसं वाटलं नाही. मग तिनं मान वर केली. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता, तो तिनं तसाच राहू दिला. रमणीकभाई कठड्याशी तोंड झाकून बसले होते. एकशे दहा फोन घेतलेल्या त्या माणसालाही स्वतःच्या भावासाठी रडायला कुठं वेळ मिळाला होता?

पंचवीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलली नव्हती. "मोटाभाई," ती म्हणाली, "तिथं नका बसू. इथं या."

ते आले आणि माझ्या कडेला बसले. वजनदार माणूस आहे. माझा राग अजून गेलेला नाही, तरी मी त्यांना जागा दिली.

एका दुपारच्या रडण्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. तरुबेन आता दर गुरुवारी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते, गोळ्या घेते, आणि चंचळफोई बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते की आम्ही कुठं चाललोय. कडी अजून धुतली जाते, पण चार-पाच वेळा.

मी आता जुनी झालेय, मधोमध विरलेय. तरी पेटाऱ्यावर जायला तयार नाही. आमच्या पंचवीस घरांतली सात माणसं त्या दिवसांत फोनवर उरकली गेली. त्यांच्यातली चार बेसणी गेल्या काही रविवारी झाली, तीन राहिलीत. तुमच्या गावात किती राहिलीत ते तुम्ही मोजा. एक नंबर फिरवून सुटलो असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी त्या दारात एकदा जाऊन या. पांढरे कपडे नसले तरी चालेल, काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. पण ती बाई वाघीण आहे असं सांगायला जाणार असाल, तर घरीच थांबा.