संदर्भाशिवाय लिहू नये

प्राचार्या दीप्तीमॅडमनी तेव्हा नाक असं मुरडलं होतं, जसं काही ग्रंथालयाच्या टेबलावर कुणी सुके बोंबील आणून ओतलेत.

"अहो संघमित्रा, तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश? जिथे कोणीही उठतं आणि काहीही लिहितं? हे कॉलेज आहे, चहाची टपरी नाही. आपली लायब्ररीच मुलांना सांगणार, की जा, तिथे बघा?"

मुलुंड पूर्वेच्या त्या कॉलेजात संघमित्रा ग्रंथपाल होती. तरुणपणी लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. पण बोलायला गरीब वगैरे अजिबात नाही. "कोणीही लिहितं म्हणूनच म्हणतेय, मॅडम," ती म्हणाली. "ते मागच्या कपाटातले जाडजूड कोश आहेत ना, त्यांत आमच्या वस्तीतलं एक माणूस शोधून दाखवा. नाही सापडायचं. लिहिणारे तुमचे, छापणारे तुमचे, आम्ही येणार कुठून? इथे निदान दार तरी उघडं आहे."

बैठकीत सगळे गप्प झाले. अशा वेळी लोक गप्पच होतात. पटतं म्हणून नव्हे, उगाच वाईट कोण होणार म्हणून. पण ठराव मंजूर झाला, आणि संघमित्राने मुलांसाठी एक पत्रक तयार करून ग्रंथालयाच्या दारावर लावलं. सुरुवात खुल्या ज्ञानकोशापासून करा. लेखाखाली दिलेले संदर्भ वाचा. मग इथे या, ती पुस्तकं मी काढून देते. आणि खाली ठळक अक्षरांत: छापील संदर्भाशिवाय लिहू नये. स्वतःच्या नात्यातल्या माणसाबद्दल स्वतः लिहू नये.

पत्रक इतकं गाजलं की घाटकोपर-बोरिवलीच्या कॉलेजांतले ग्रंथपाल फोन करून प्रत मागू लागले. बाई खूश! आपण शिकलो त्याचं काहीतरी चीज झालं असं तिला मनापासून वाटलं. आपल्याच हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडताना माणसाला असंच वाटतं. धोंडा अजून हवेत असतो ना.

त्याचं झालं असं. या कॉलेजचं मूळ म्हणजे एक रात्रवर्ग. शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांतले कामगार पाळी संपवून यायचे, पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे आणि मॅट्रिकचा अभ्यास करायचे. तो वर्ग सुरू केला धोंडिरामने, म्हणजे संघमित्राच्या वडिलांनी, तिच्या आप्पांनी. दुष्काळात बीडहून आलेला माणूस. स्वतः मॅट्रिक झाला आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांना शिकवायला बसला. जोडीला काशीराम नावाचा दोस्त होता, त्याने शेडचे पत्रे डोक्यावरून वाहून आणले. पुढे नानासाहेब नावाचे एक वजनदार गृहस्थ आले, मंडळ स्थापन झालं, कामगारांच्या रात्रवर्गासाठी म्हणून सरकारी जागा मिळाली. जागेवर कॉलेज उभं राहिलं, तेही दिवसाचं. रात्रवर्ग कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. काम झालं, की हमालाला कोण लग्नाचं आमंत्रण देतं?

ज्ञानकोशातल्या कॉलेजच्या पानावर लिहिलं होतं: संस्थापक, नानासाहेब. आधार म्हणून मंडळाचं स्वतःचंच संकेतस्थळ दिलेलं.

संघमित्राला ते पान रोज दिसायचं. दोन ओळी घालायला दोन मिनिटं पुरली असती. पण नियम तिनेच लिहिलेला. तिने स्वतः हात लावला नाही, इतिहास शिकवणाऱ्या केतनला सांगितलं. हा केतन तिच्याच ग्रंथालयात वाचून मोठा झालेला, तिला मानणारा. त्याने रात्रवर्गाच्या दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या उडालेल्या. कारण: संदर्भ नाही.

केतनने तिथल्या चर्चेच्या पानावर भांडण मांडलं. "अहो, तो माणूस जिवंत आहे, घाटकोपरला राहतो, जाऊन विचारा ना!" कुणा अनोळखी संपादकाचं थंड उत्तर आलं: व्यक्तीची आठवण हा संदर्भ होत नाही. छापील काही आहे का?

छापील! त्या काळात पेपरवाले आले होते ते नानासाहेबांच्या कोनशिलेला. शेडमध्ये कोण कशाला येईल? संघमित्राला राग आला, पण त्याहून वाईट म्हणजे तो संपादक बरोबर आहे हे तिला कळत होतं. हेच ती वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आली होती.

अशात कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका निघणार, संपादक केतन. संघमित्राच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्मरणिका म्हणजे छापील. तिच्यात आप्पांवर एक पान आलं की झाला संदर्भ. मग कुणाच्या बापाला त्या ओळी उडवता येणार नाहीत. आप्पांचं वय झालेलं, छातीची दुखणी वाढलेली. जे व्हायचं ते या स्मरणिकेतच, पुन्हा संधी नाही.

रविवारी ती केतनला घाटकोपरच्या टेकडीवरच्या घरी घेऊन गेली. धोंडिराम इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून तयार. चहा यायच्या आत म्हाताऱ्याने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. पोरं पाळीवरून यायची तर डोळे मिटायचे, मग उभं करून पाढे म्हणून घ्यायचो. एकाच्या हाताला तेल लागलेलं, त्याने परीक्षेची उत्तरपत्रिका काळी केली, तरी पास झाला. जागेच्या अर्जावर सह्या गोळा करायला भांडुपपर्यंत पायी हिंडलो.

"आन हे बघ," केतनचं मनगट धरून ते म्हणाले, "माझं एकट्याचं नाव नको घालू. काशीरामचंबी घाल. तो गेला. आता सांगायला मी एकलाच उरलोय. पन माझं घाल बरं का! नाय तर म्हातारा नको म्हनला म्हनून सोडशील."

"घालतो की आप्पा. तुमच्याशिवाय कसला इतिहास?"

धोंडिरामने त्या संध्याकाळी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं, की कॉलेजच्या पुस्तकात आपलं छापून येतंय. संघमित्रा म्हणाली, आप्पा, येऊ तर द्या. पण तीही मनातून तितकीच फुलली होती.

स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, मंडळाचे अध्यक्ष हर्षद शेठ यांचा पानभर फोटो. ते नानासाहेबांचे चिरंजीव. संघमित्राने उभ्या उभ्या सगळी पानं उलटली. मग बसून उलटली. धोंडिराम नाही. काशीराम नाही. रात्रवर्ग हा शब्दसुद्धा नाही. 'आमचा इतिहास' या लेखात नानासाहेबांना पडलेलं स्वप्न होतं.

केतन ग्रंथालयात आला तो मान खाली घालूनच.

"मी लेख दिला होता, मॅडम. शप्पथ. दीप्तीमॅडमनी विचारलं, आधार काय? म्हटलं, स्वतः धोंडिराम बोललेत. तर त्यांनी दारावरचं तुमचं पत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, वाच. मी काय बोलणार?"

"काय बोलणार म्हणजे? तोंड नव्हतं तुला?"

"माझी नोकरी अजून कायम नाहीये, मॅडम."

त्याच्या जागी आपण काय केलं असतं हा प्रश्न संघमित्राला पडला, आणि उत्तर नको म्हणून ती तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली.

दीप्तीमॅडम गोड बोलल्या. ही बाई गोड बोलायला लागली की समजायचं, काम आधीच झालेलं आहे. "बसा ना. अहो, मलाही वाईट वाटलं. पण नियम तुमचाच. शिवाय ते तुमचे वडील. नात्यातल्या माणसाबद्दल लिहू नये, हेही तुमचंच. उद्या लोक म्हणतील, ग्रंथपालबाईंनी आपल्या बापाला संस्थापक करून घेतलं. तुमचंच नाव खराब होईल. मी तुम्हाला वाचवलं."

"मग नानासाहेबांचं कुठून घेतलंत? अध्यक्षांचे ते कोण लागतात?"

"ते ना, ज्ञानकोशातून. त्याची शिफारस तर तुमच्याच ग्रंथालयाने केलीय." मॅडम हसल्या. "बघा, मी तेव्हा उगाच विरोध करत होते."

संघमित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, टेबलावरची ती पितळी नटराजाची मूर्ती उचलून भिरकावून द्यावी. पण भिरकावली नाही. आपल्यातल्या कुणी आवाज चढवला की त्यांना तेवढंच पुरतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती खाली आली आणि संगणक उघडला. ज्ञानकोशातल्या पानावर 'संस्थापक' या शब्दाला नवा आधार जोडलेला: सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. आणि स्मरणिकेत त्या लेखाखाली बारीक अक्षरांत छापलेलं: आधार, ऑनलाइन ज्ञानकोश. याने त्याचे हात धरलेले, त्याने याचे, आणि दोघांची फुगडी चाललेली. आता कोणीही विचारा, संदर्भ आहे! छापील!

शिक्का मारून ती स्मरणिका संदर्भ विभागात लावायचं काम संघमित्राचंच होतं. तिने ते केलं. ग्रंथपाल होती ना.

केतन जाता जाता म्हणाला, "मॅडम, पेपरात आलं तरी चालेल. आपल्याकडचा एक वार्ताहर ओळखीचा आहे, मी विचारलं त्याला. तो म्हणाला, म्हातारा घरी बसलाय यात बातमी काय? काही घडलं तर..." आणि पुढचं त्याने गिळलं.

घरी जाताना रिक्षात ती शब्द जुळवत होती. एकही जुळला नाही. धोंडिराम दाराशी खुर्ची टाकून बसलेले. शेजारच्या दोघी-तिघी बायका मुद्दाम थांबलेल्या.

"आनलंस का पुस्तक?"

"त्यात तुमचं नाव नाही, आप्पा." तिने एका दमात सांगून टाकलं. बायका एकेक करून आपापल्या घरात गेल्या.

शेवटचं दार लागेपर्यंत धोंडिराम तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "काशीरामचं?"

"नाही."

"आन तू त्याच कालेजात बसतीस. एवढ्या पुस्तकांत. मग करतीस काय तिथं?"

हे लागलं. दीप्तीमॅडमचं बोलणं परवडलं, हे नाही. ती समजावू लागली: आठवण चालत नाही, छापील लागतं, मुलीने लिहिलेलं चालत नाही, कुणीतरी परक्याने लिहावं लागतं. आपण बोलतोय की दीप्तीमॅडम, हे तिचं तिलाच कळेना. आप्पा लहान मुलासारखे एकेक नियम ऐकत होते.

"पेपरात छापलं तर चालतंय?"

"चालतं."

"आपलं कधी छापतेत?"

वार्ताहराचं बोलणं तिने मेली तरी सांगितलं नसतं. पण म्हातारा काही दुधखुळा नव्हता.

"काशीराम गेला तवा त्याच्या पोरानं पेपरात फोटो दिल्ता. चांगला मोठा." ते बारीक हसले. "मग थांब की. घाई काय? माझं व्हईल तवा तू तसंच दे. फोटोच्या खाली समदं लिव. शेड, रात्रवर्ग, काशीराम. जिता मानूस त्यास्नी चालत न्हाई, मेलेला चालंल. मग लाव तिथं. लिवशील न्हवं?"

आणि संघमित्राच्या मनात पहिलं आलं ते हे, की घरच्यांनी पैसे भरून दिलेली श्रद्धांजली संदर्भ म्हणून धरत नाहीत. हेही तीच मुलांना शिकवत असे.

"लिहीन, आप्पा," ती म्हणाली.