बाटली धरणारा

"तोंड उघडलंत तर केस गेली समजा," वकिलानं कोर्टाच्या पायऱ्यांवरच दम भरला. "मी बोलेन. तुम्ही नुसती मान हलवायची."

कंपाउंडरनं लगेच मान हलवली. सारं गाव त्याला कंपाउंडरच म्हणायचं. बावीस वर्षं जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली राबला. डॉक्टर वारले, त्यांची बॅग याच्याकडं आली. मग काय, कुणाची गाय अडली की यालाच बोलावणं. शिकलेला डॉक्टर दोन तासांच्या वाटेवर, तोवर जनावर थांबतंय होय? पण याच्याकडं ना पदवी, ना परवाना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांच्या परिषदेनं कोर्टात अर्ज टाकला, या माणसाला सुई धरायला मनाई करा म्हणून.

आत वकील नुसता सुटला. "बाईसाहेब, परिषदेनं आपल्या यादीतल्या डॉक्टरांचे कान धरावेत. हा गडी यादीतच नाही. याच्यावर मनाई मागायचा यांना हक्कच काय? पोलिसांत जा म्हणावं."

परिषदेचा वकील म्हातारा, थंड डोक्याचा. म्हणाला, "पोलीस येणार जनावर मेल्यावर. आम्हाला आधी थांबवायचंय. यादी केली ती त्याचसाठी."

जजबाईंनी चष्मा पुसला. "मागायचा हक्क आहे परिषदेला. पण नुकसान दाखवा. कुणाचं जनावर दगावलं?"

म्हाताऱ्याकडं कागद ढीगभर, साक्षीदार एकही नाही. कंपाउंडरविरुद्ध बोलायला गावातनं येणार कोण? उलट त्याच्या बाजूनं त्याची थोरली वहिनी पिंजऱ्यात उभी राहिली.

"भावजी चिखलपाण्यात धावत येतात," ती म्हणाली. "गेल्या साली माझी तांबडी गेली, पण त्यात त्यांचा दोष नाही. मीच बुरशीची वैरण घातली. माझ्याच हातानं गेली ती."

बुरशीचं तिला कंपाउंडरनंच सांगितलं होतं, गाईचं अंग अजून गरम असताना.

झालं होतं असं. तांबडी व्यायली आणि थंड पडून आडवी झाली. यानं शिरेत कॅल्शियमची बाटली लावली. अशा शेकड्यानं बाटल्या त्यानं धरलेल्या. तेवढा वेळ डॉक्टर गाईच्या छातीला नळी लावून बसायचे, आणि हा मनात हसायचा, साहेब दम खातायत म्हणून. 'बाटली खाली घे' म्हटलं की खाली घ्यायची. का, ते बावीस वर्षांत एकदा विचारलं नाही. त्या दिवशी दुसऱ्या गोठ्याची घाई होती. बाटली उंच धरून त्यानं औषध भराभर सोडलं, आणि गाईनं मान टाकली. भीतीनं तोंडाला आलं ते तो वहिनीला बोलला. औषध जोरात गेलं तर काळीज बंद पडतं, हे बाटलीच्या खोक्यातल्या कागदावर त्यानं वाचलं ते दुसऱ्या दिवशी.

तो उठला. वकिलानं सदरा ओढला, तरी उठला.

"बाईसाहेब, गाय वैरणीनं नाही गेली. मी मारली." आणि सगळं सांगून टाकलं.

हुकूम झाला. सुई धरायची नाही, औषध द्यायचं नाही. वकील पाय आपटत निघून गेला. कंपाउंडरला मात्र हलकं वाटलं. सुटलो एकदाचा, असंच वाटलं त्याला.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती.

"वर्ष झालं, मी गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "वैरण सुनेला टाकायला लावते. माझ्या हातचं खाऊन जनावर मरतं म्हणून. आणि तुम्ही रोज माझ्या घरी जेवत होता, भावजी. एकदा तरी सांगायचं."



बस आली. वहिनी चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. अर्धी बस रिकामी होती. कंपाउंडर गावापर्यंत दांडीला धरून उभाच राहिला.