दिवा चालू ठेवून घेतलेलं शून्य

मी बॅटरीचा मीटर बोलतोय. पाबळच्या शिवारात, मल्हारीच्या मेंढवाड्यावर असतो. माझी काच कुऱ्हाडीच्या दांड्याने फुटलेली आहे. आतलं सगळं शाबूत आहे. मला दया नको. ऐका.

दौंडच्या ब्लेसन वायरमनने मला तापलेल्या सळईने कथलाचा डाक देऊन जोडलं. माझं काम एकच. बॅटरीत करंट किती आला, किती गेला ते मोजायचं आणि उरलेला टक्का दाखवायचा. त्या सोलरवर भरणाऱ्या बॅटरीवर वाड्याभोवतीच्या तारेचं झटका मशीन चालतं. तारेत झटका असला की बिबट्या मागे फिरतो. नसला की आत येतो.

मोजण्याआधी मला शून्य शिकवावं लागतं. त्या वेळी बॅटरीवरचं सगळं बंद हवं.

"मामा, देवळीतला खंडोबाचा दिवाबी काढा," ब्लेसन म्हणाला.

"देवाचा दिवा मालवायचा न्हाई. हात लाव, मनगट तोडतो," मल्हारी म्हणाला.

"अवो, एका मिनिटाचं काम हाय!"

"मग तुमच्या चर्चातला मालव आधी."

ब्लेसन हसला आणि त्याने तसंच माझं शून्याचं बटण दाबलं. दिवा जेवढा करंट ओढत होता, त्यालाच मी शून्य समजलो. पुढे दिवा रात्रंदिवस बॅटरी पीत राहिला. मी ते मोजलंच नाही.

ऊन होतं तोवर बॅटरी रोज गच्च भरायची. चूक झाकली जायची. मग आभाळ बसलं ते हटेना.

दिवस मावळताना मल्हारीची बायको बयाबाई माझ्यापुढे वाकली. "साठ दावतंय. तार जित्ती हाय," म्हणाली, आणि काठी बाहेर टाकून कोकरांत बसली.

रात्री देवळीतला दिवा विझला. तिने मान वर केली, तोच उसातून बिबट्या तारेवर आला. बॅटरी आटली होती, तार मेलेली होती. त्याने एका मेंढीचा गळा फोडला, दुसरीचं पोट फाडलं. बयाबाईने कोकरू उराशी धरलं, तर त्याने तिच्या दंडात दात रोवले. तिने त्याच्या डोळ्यात अंगठा खुपसला. मल्हारी धावत आला. कुऱ्हाड जबड्यावर बसली. हाड मोडलेलं मी ऐकलं. बिबट्या रक्त सांडत उसात गेला.

मल्हारी माझ्याकडे वळला. माझ्यापुरता करंट उरला होता, मी अजून साठच दाखवत होतो. त्याने मला हाणलं.

बयाबाई टाके घालून घरी आली, त्या दिवशी ब्लेसन आला. मल्हारीने त्याची गचांडी धरून त्याला वाड्याच्या लाकडी मेढीवर आपटलं.

"मारा मामा, पन ऐका. दिवा चालू ठिवून शून्य घेतलं. मीबी हसण्यावारी नेलं."

मल्हारीची मूठ सुटेना. बयाबाई उठली. धड हाताने तिने दिव्याची वायर उपटली.

"देव अंधारात भीत न्हाई," ती म्हणाली. "मेंढरं भित्यात. दाब तुझं बटण."

मल्हारीने गचांडी सोडली. शून्य घेऊन होईपर्यंत तो अंधाऱ्या देवळीसमोर हात जोडून उभा होता.

आता माझं शून्य खरं आहे. तरी बयाबाई फुटक्या काचेतून आकडा वाचते आणि मग गवताची ओली काडी तारेला लावून हाताला झटका जाणवतो का बघते. मला राग येतो. पण तिचं बरोबर आहे.

तुमच्याही घरी माझ्यासारखे मोजणारे आहेत. त्यांच्यावर जीव सोपवण्याआधी एवढं विचारा, शून्य शिकवलं तेव्हा काय चालू होतं?