आईचा हात

"आबा, टेप खोटं बोलत नाही," दादा म्हणाला.

"मग काय तुझी आई खोटं बोलली?"

गवंडीमामा टेपचं टोक भिंतीशी धरून तसेच उकिडवे बसून राहिले. उघड्या दारातून उन्हाळी वारा येत होता आणि मातीच्या जमिनीवरची भुकटी उडवत होता. अंगणात फरशांच्या पेट्या एकावर एक रचल्या होत्या. मामांचं माप म्हणत होतं, यातला तिसरा हिस्सा जास्तीचा.

खोली मोजली होती आईनं. कांदा निघाला की फरशी घालायची असं ठरलं, तेव्हा तिनं कुणाकडे टेप मागितला नाही. गुडघे टेकले आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मांडत ती भिंतीकडे सरकत गेली. सगळं ती अशीच मोजायची. वाफ्यांमधलं अंतर, वासराचं दावं, माझ्या फ्रॉकचं कापड. "आडवी दहा हात, उभी चौदा," तिनं सांगितलं. आबा दुकानात तेवढंच बोलले, बाकी हिशेब दुकानदारानं केला. पेट्या येण्याआधीच आई गेली. शेतातून आली, पाणी मागितलं, आणि तांब्या भरेपर्यंत संपलं होतं.

"वहिनींनी घाईत मोजलं असेल," मामा समजुतीनं म्हणाले. "होतं असं."

"तिला घाई एकदाच झाली," आबा म्हणाले.

दादानं मान फिरवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "जास्तीच्या परत देऊ. दुकानदार घेतो म्हणालाय."

"एकही जाणार नाही. म्हणजे गावभर व्हायला मोकळं, बाईनं शेवटचं काम केलं तेही चुकीचं! उरतील त्या गोठ्यात घाला."

"गोठ्यात? म्हशी घसरतील, आबा. त्यांना काय फरशीत तोंड बघायचंय?"

मामांना हसू फुटलं, ते त्यांनी तिथंच गिळलं.

मी विचारलं, "मामा, दुकानदार एक हात म्हणजे किती धरतो?"

"दीड फूट. सगळे तेवढाच धरतात."

मी बाह्या वर सरकवल्या आणि भिंतीला कोपर लावून खाली बसले. भुकटीखालची जमीन गार होती. या खोलीतला खड्डा ना खड्डा आईनं शेतातली माती आणून बुजवला होता, दर उन्हाळ्यात तो पुन्हा उखडायचा. मी हात मांडला, बोटांपाशी खूण केली, पुन्हा मांडला. दहाव्या वेळी बोटं पलीकडच्या भिंतीला टेकली.

"लांबीकडून घे," आबा म्हणाले.

लांबीकडून चौदा भरले.

मामांनी कुणी न सांगताच माझ्या हाताला टेप लावला. "सव्वा फूट," ते म्हणाले. "वहिनींचं माप बरोबर होतं. दुकानदारानं दुसऱ्याच कुणाचा हात धरला."

आबांनी पेट्यांकडे बघितलं. मग दादाला म्हणाले, "मग त्या जास्तीच्या तिनं मागितल्याच नव्हत्या. जा, देऊन ये."

दादा बाहेर गेला. मामा कोपऱ्यातून दोरी ताणायला लागले. मी उठणार, तेवढ्यात आबा माझ्याशेजारी खाली बसले. माझ्या हाताला त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघितलं.

"एवढाच होता?"

"एवढाच, आबा."

"मी वाफ्याला पाणी देत उभा असायचो, ती बांधावरून एवढ्याशाच हातानं प्यायचा तांब्या द्यायची," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मला कधी पुढं वाकावं लागलं नाही गं."