पाटीवरचं शून्य

"मशीन उघडू नका हो ताई, मशीन उघडायला तुम्हाला बोलावलंच नाही," सासरे म्हणाले. "मशीन उत्तम आहे. तुम्ही फक्त आमच्या सूनबाईच्या शेजारी बसा आणि ही नेमकं कुठे चुकते, तेवढं बघून सांगा."

ताईंचा हात हत्यारांच्या पेटीवर होता, तो तिथेच राहिला. पंचवीस वर्षांत लोकांनी त्यांना घरी बोलावून काय काय दाखवलं होतं! सीपीयूच्या खोक्यात अंडी घालून बसलेली पाल, की-बोर्डवर सांडलेलं दूध, एका घरी तर माउसची वायर उंदराने खाल्ली म्हणून सगळे पोट धरून हसत होते. पण मशीन सोडून माणूस दुरुस्त करायला बोलावणारं घर त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"का हो काका, काय करतात त्या?"

"बंद पाडते. कामाचं काही चालू असलं की बरोब्बर मधेच. त्याआधी रखडत रखडत चालतं आणि मग खटकन बंद." सासरे निवृत्त होईपर्यंत बस डेपोत वेळ नोंदवणारे होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मिनिटं आपोआप यायची. "गेल्या वर्षी परीक्षेत पस्तिसाव्या मिनिटाला. त्याच्या आदल्या वर्षी चाळिसाव्या. उद्या तिसरी वेळ, आणि तिनापेक्षा जास्त वेळा बसूच देत नाहीत. मुलगा म्हणतो, हिची घाई नडते. मला वाटतं, ऐनवेळी कच खाते आणि भलतंच काहीतरी दाबते."

सून टेबलाला टेकून उभी होती. पस्तिशीची, बारीक, आणि हातात पेन्सिल. वर्तमानपत्र वाचतानाही चुकलेल्या अक्षराखाली रेघ मारायची तिला सवय होती. परीक्षा होती एका मोठ्या छापखान्याची. पास झाली तर घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची, कायमची नोकरी. तीन तास कॅमेऱ्यासमोर सलग बसायचं; पडदा एकदा काळा झाला की उमेदवार बाद.

"मी काहीही दाबत नाही," ती हळूच म्हणाली. मग आणखी हळू आवाजात, "निदान मला तरी तसं वाटतं."

"अगं, मग मी पत्ते खेळतो तेव्हा का नाही बंद पडत?" सासऱ्यांनी हुकमाचं पान टाकलं. "दीड दीड तास खेळतो! आणि मशीन कुणाचं आहे? पंखेवाल्या ताईंचं. त्यांच्या दुकानातली पाटी वाचली आहेस ना? मशीनमध्ये खोट असती तर त्या पाटीवर शून्य राहिलं असतं का?"

ताईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला? माणसाला बरं वाटतंच.

ती पाटी मूळ त्यांच्या वडिलांची. वडील पंखे दुरुस्त करायचे, म्हणून संगणकाच्या धंद्यात उतरूनही ताई सगळ्यांसाठी पंखेवाल्या ताईच राहिल्या. पाटीवर खडूने लिहिलेलं असायचं, 'परत आलेले पंखे', आणि पुढे आकडा. वडील गेले तेव्हा तो आकडा अकरा होता. आपल्या चुका अशा चारचौघांत टांगून ठेवायची काय हौस, असं ताईंना तेव्हा वाटायचं. त्यांनी 'पंखे' पुसून 'मशिनं' लिहिलं आणि पुढे शून्य काढलं, ते पंचवीस वर्षं टिकवलं. नाकासमोर बघून काम केलं, कुणाला फसवलं नाही, आणि वडिलांपेक्षा आपला हात सरस आहे हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र रोज एकदा यायचं.

"काका," ताई म्हणाल्या, "पत्ते खेळणं म्हणजे मशीनला घरातल्या घरात चार पावलं चालवणं. परीक्षा म्हणजे पाठीवर पोतं देऊन जिना चढवणं. चला सूनबाई, आपण जिना चढू. कॅमेरा लावा, सरावाची प्रश्नपत्रिका उघडा आणि मी इथे नाहीच असं समजून बसा."

सून बसली. सासऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ मनाशी टिपली. पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत होतं. सुनेची नजर मात्र बघण्यासारखी होती. ओळीवरून जाता जाता चुकलेल्या वेलांटीवर ती गपकन थांबायची. हिला कोण घाईची म्हणतं, असं ताईंच्या मनात आलं. पंधराव्या मिनिटाला मशीन रखडायला लागलं. बटण आत्ता दाबावं आणि अक्षर मागाहून सावकाश उमटावं. विसाव्या मिनिटाला आतला पंखा बोंबलायला लागला.

ताई उठल्या आणि त्यांनी तळहाताची उलटी बाजू खोक्याच्या मागे धरली. हे वडिलांनी शिकवलेलं. यंत्राचा आवाज फसवतो, वारा फसवत नाही, असं ते म्हणायचे.

वारा गार होता.

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात तापमान उघडून पाहिलं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, नव्वद अंशांच्या वर गेला होता. आत भट्टी पेटली आहे, पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आहे आणि बाहेर येतोय गार वारा! धूळ म्हणावी तर या घरात धुळीचा कण नव्हता. सासरे रोज सकाळी मशीन स्वतःच्या हाताने पुसायचे. म्हणजे आतला ताप पंख्यापर्यंत पोचतच नव्हता. मधे काहीतरी आडवं आलं होतं.

अडतिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. सुनेने दोन्ही हात झटकन वर केले.

"मी हात लावला नव्हता. ताई, तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"तसा काही दाबल्याचा आवाज आला नाही खरा," सासरे पुटपुटले, "पण..."

"काका, आता मी मशीन उघडणार. तुम्ही टॉर्च बघा कुठे आहे. सूनबाई, एखादं जुनं फडकं द्या."

दोघं आत गेले. ताईंनी बाजूचा पत्रा काढला आणि आतल्या कोपऱ्यात काळ्या शाईतली आपली सही पाहिली. जोडलेल्या प्रत्येक मशीनमध्ये त्या सही करून तारीख घालायच्या. ही तारीख चार वर्षांपूर्वीची. त्यांनी पंख्याचे चार स्क्रू काढले आणि पंखा, त्याच्याखालच्या, ताप ओढून घेणाऱ्या पातळ पात्यांच्या ठोकळ्यासकट, अलगद वर उचलला. पाती जेमतेम कोमट होती. ताईंनी ठोकळा उलटा केला.

ठोकळ्याच्या बुडाला प्लास्टिकचा पापुद्रा चिकटलेला होता. त्याच्यावर ताप वाहून नेणारी पेस्ट माखलेली, आणि पेस्टच्या आडून दिसणारी लाल अक्षरं: 'बसवण्यापूर्वी काढा'.

नवीन ठोकळ्याच्या तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून कारखानदार हा पापुद्रा लावून पाठवतात. तो सोलायचा, मग पेस्ट लावायची, मग ठोकळा प्रोसेसरवर बसवायचा. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात हे. ताईंनीच कितीजणांना सांगितलं होतं. पापुद्र्यामुळे प्रोसेसरचा ताप वर चढत नव्हता. पत्ते खेळण्यापुरतं निभावत होतं आणि जरा ओझं आलं की मशीन आधी रखडायचं, मग जीव वाचवायला स्वतःच बंद पडायचं.

चार वर्षांपूर्वीचा तो दिवस त्या आठवायला गेल्या. अंगात ताप होता का? घरात कुणी आजारी होतं? कुणी घाई केली होती? काहीच आठवेना. साधाच दिवस असावा. साध्या दिवशी, धडधाकट असताना, आपल्या हातून हे राहिलं होतं.

त्यांनी पापुद्रा सोलला. तो एवढासा होऊन अंगठ्याला चिकटला. खिशात टाकला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. थोडी धूळ होती, साफ केली, म्हटलं की झालं. मशीन चाललं असतं, सून परीक्षेला बसली असती, शून्य जागच्या जागी राहिलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं? ताईंचा हात खिशाकडे गेलाही.

"काय निघालं?" सासरे टॉर्च घेऊन बाहेर आले. मागे सून फडकं घेऊन. "काही नसणारच! मी हिला हेच दोन वर्षं सांगतोय. ताईंच्या कामात चूक निघायची नाही. आपण आपल्यात बघावं."

सुनेने आपल्या हातांकडे पाहिलं. एखाद्या चोरट्या पोराकडे बघावं तसं ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

ताईंचा हात खिशापासून मागे आला. आपलं शून्य कुणाच्या जिवावर टिकलं होतं, ते त्यांना त्या नजरेत दिसलं.

"निघालंय काका," त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला. "हे निघालंय. बसवताना काढायचं असतं. मी काढलं नाही. वर लिहिलेलंसुद्धा आहे, वाचा. चार वर्षं हे मशीन आतल्या आत शिजतंय. त्या दोन्ही परीक्षांत यांनी काहीही दाबलं नव्हतं. चूक माझी. सगळी माझी."

सासऱ्यांनी टॉर्च उगाचच पेटवला. लाल अक्षरं वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे... पस्तिसाव्या मिनिटाला..."

"मशीन गेलं."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तेव्हाही मशीनच."

सून खाली बसली. ताईंना वाटलं, ही आता रडणार. पण ती रडली नाही, चिडली, आणि ताईंना ते रडण्यापेक्षा बरं वाटलं.

"दोन वर्षं, ताई! दोन वर्षं मला वाटत होतं की माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. मी रात्री झोपेतसुद्धा हात उशीखाली घालून निजते. घरात सगळे म्हणत होते, ताईंचं मशीन आहे, ताईंचं मशीन आहे. मग मीपण तेच म्हणायला लागले!"

"बोला," ताई म्हणाल्या. "जे काय बोलायचं ते बोला. दोन वर्षं परत द्यायची माझी ताकद नाही. उद्याचे तीन तास मात्र देते."

सासरे घसा खाकरून उठले.

"सूनबाई, तू बस. चहा मी टाकतो."

स्वयंपाकघरात डबे उघडल्या-झाकल्याचे बरेच आवाज झाले. तेवढ्यात ताईंनी ठोकळ्याचा तळ पुसून आरशासारखा केला, प्रोसेसरवर तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, ठोकळा दाबून बसवला आणि चारी स्क्रू आलटून पालटून आवळले. मग पेन काढून जुन्या सहीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'पापुद्रा राहिला होता. चूक माझी.' पत्रा लावण्याआधी त्यांनी ते सुनेला दाखवलं. तिने वाचलं आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक सवयीने अक्षरांवरून फिरवलं. रेघ मारावी असं त्यात काही नव्हतं.

चहा बिनसाखरेचा झाला होता. तिघांनी निमूटपणे प्यायला.

सराव पुन्हा सुरू झाला. अडतिसाव्या मिनिटाला तिघांचेही डोळे पडद्यावर होते. मशीन चालत राहिलं. ताई खोक्यामागे हात धरून बसल्या होत्या. आता वारा चांगला ऊन लागत होता, आणि त्या एकट्याच हसायला लागल्या.

"काय झालं?" सासऱ्यांनी हात लावून पाहिला आणि ते घाबरले. "अहो, हे तर तापलं!"

"तापू दे काका. ताप बाहेर पडतोय. इतकी वर्षं आतच कोंडला होता."

तीन तास पूर्ण होईपर्यंत ताई त्या घरातून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता सासरे दुकानात आले. या वयात भराभर चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, पण छाती अशी पुढे काढली होती की जणू परीक्षा त्यांनीच दिली.

"दोन तास बावन्न मिनिटं! आठ मिनिटं हातात राखून उठली आमची सूनबाई. मशीनने हूं की चूं केलं नाही. आणि ऐका, छापखान्याच्या प्रश्नपत्रिकेतच हिने एक चूक काढली! छापणाऱ्यांची! निकाल लागायचा तेव्हा लागो, पण मी सांगतो ताई, हिच्यासारखी..."

बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि ते थांबले. पाटी तीच होती, 'परत आलेली मशिनं'. पुढचं शून्य पुसून तिथे एकाचा आकडा काढलेला होता.

"अहो, हे कशाला?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "पुसा, पुसा ते. आम्ही कुणाला सांगणार आहोत का? सूनबाईपण नाही सांगणार. पंचवीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"राहू दे."

"पण लोक काय म्हणतील?"

"तेच बघायचंय," ताई म्हणाल्या. "शून्य बघून तुम्ही सुनेवर संशय घेतलात, काका. एक बघून पुढचा माणूस म्हणेल, आधी मशीन उघडून बघा."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पाटीकडे पाहून, जुन्या सवयीने, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहिलं.

ताईंनी समोरचं उघडं मशीन जवळ ओढलं, सुरू केलं आणि हाताची उलटी बाजू त्याच्या पंख्यामागे धरली. वडिलांच्या अकराच्या जागी एकाचा आकडा जरा एकटाच दिसत होता. पण तो त्यांनी ठसठशीत काढला होता, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावा असा.